सामाईक वेबसाइट

माझ्या माहेरच्या माणसांना काहीही सांगायला जा, ती आधी विचारतात, जागा कोणाच्या नावावर आहे. ताप आलाय म्हणून सांगितलं तरी हेच विचारतील असा मला संशय आहे. त्यामुळे माझ्या भाचीने वेबसाइट काढायचं ठरवलं तेव्हाच पुढचं सगळं मला दिसायला हवं होतं. दिसलं नाही, कारण मी जन्मभर शिक्षिका होते, आणि माणसं कधी ना कधी शिकतात ही समजूत निवृत्तीनंतरही जात नाही.

माहेर पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या रस्त्यावरून आत गेलं की लागणाऱ्या एका वाडीत. सासर तुडीलचं, आणि नोकरी, संसार, म्हातारपण असं सगळं महाडात. भाची म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, दादाची मुलगी. मुंबईत एका कंपनीत कानाला हेडफोन लावून लोकांच्या तक्रारी ऐकायचं काम ती करत होती. काही वर्षं ऐकल्या आणि मग एक दिवस सोडून घरी आली. दादाच्या घराच्या बाजूला, दरीच्या अंगाला, तिने आपल्या साठवणीतून दोन खोल्या बांधल्या. महाबळेश्वरला जाणारी माणसं घाट चढण्याआधी एक मुक्काम इथे करतील, नाचणीची भाकरी खातील, सकाळी दरीतलं धुकं बघून पुढे जातील, असा तिचा विचार होता.

दादाचा विचार वेगळा होता. तो म्हणाला, "शिमग्यापर्यंत बघू. मान्सं आली तं रहा. नाय आली तं परत नोकरी धरायची, आन मी स्थळ आणीन त्याला नाय म्हणायचं नाय."

दादा कडक माणूस नाही, पण एकदा बोलला की बोलला. मुंबई सोडून वाडीत यायची इच्छा झालेली तिच्या वयाची ती एकटीच, आणि तिलाच परत पाठवायची तारीख ठरलेली. मला त्याचा राग आला होता आणि तो मी दादाला बोलूनही दाखवला होता. दादाने मला चहा दिला.

मुक्कामाला माणसं यायची तर त्यांना खोल्या आहेत हे कळायला हवं. म्हणून भाची लॅपटॉप घेऊन माझ्याकडे महाडला आली. "आत्या, वेबसाइट दोन प्रकारे काढता येते," ती म्हणाली, आणि मला समजावून सांगू लागली. एक म्हणजे कंपनीची तयार जागा. दर महिन्याचं भाडं द्यायचं, तिथे आपलं पान मांडायचं. दुरुस्ती, कुलूप, चोरचिलट हे सगळं कंपनी बघते, पण भिंतीला खिळा मारायचा तरी त्यांच्या नियमाने. दुसरा प्रकार म्हणजे सॉफ्टवेअर आपण आणून बसवायचं, हवं तसं सजवायचं, मालक आपण. फक्त मग डागडुजीही आपली, आणि ती सारखी करावी लागते. नाही केली तर आत कोणीही शिरतं.

"म्हणजे मुंबईची खोली आणि गावचं घर," मी म्हटलं.

ती खूश झाली. "हेच मी गणपतीत सगळ्यांना सांगते."

"सगळ्यांना कशाला सांगायचं?"

"जमीन सामाईक आहे ना, आत्या. खोल्या बांधू दिल्या, पण बाकीचं गणपतीत बसून ठरवू म्हणालेत."

मी तिला सरळ सांगितलं, भाड्याची जागा घे आणि गप्प बस. महाडात राहणाऱ्या माणसाला मालकीचं फार कौतुक राहत नाही. नदीचं पाणी बाजारात शिरायला लागलं की आपलं काय, हे इथे दर पावसाळ्यात नव्याने कळतं. जे उचलून माळ्यावर नेता येतं ते आपलं. आमच्याकडे कपाट विकत घेताना लाकूड कुठलं हे कोणी विचारत नाही, उचलायला माणसं किती लागतील ते विचारतात. भाचीने मान डोलावली आणि गणपतीत जाऊन जे करायचं तेच केलं.

आरती झाली, खिरापत वाटून झाली आणि पडवीत भावकी बसली. माझा मधला भाऊ मुंबईहून आला होता. तो आमच्या वाडीच्या मुंबई मंडळाचा सेक्रेटरी आहे. सगळा जन्म भाड्याच्या खोलीत गेला, पण गावच्या घराबद्दल असा बोलतो की जणू रोज संध्याकाळी तिथे दिवा तोच लावतो. शेजारी आमचा चुलतभाऊ. तो गावातच असतो. पूर्वी एकदा ग्रामपंचायतीत सदस्य होता आणि ती सदस्यता त्याच्या मते अजून संपलेली नाही. आणखी चार भाऊबंद होते. ते कोणी बोललं की त्याच्याकडे बघून मान हलवत होते, त्यामुळे प्रत्येक बाजूला बहुमत मिळत होतं.

भाचीने मुंबईची खोली आणि गावचं घर समजावून सांगितलं. मधला भाऊ लगेच ताठ बसला. "भाड्याचं नको. सवालच नाय. आख्खी जिंदगी रेंटवर काढली, आता नेटवर पण रेंटवरच ऱ्हायचं?"

सगळ्यांनी माना हलवल्या. एकेक करून बोलले, आणि मी बघत होते, आपल्या घराची महती सांगणारा प्रत्येक जण मुंबईत दुसऱ्याच्या खोलीत राहणारा होता. खरोखर आपल्या घरात राहणारा दादा मात्र खांबाला टेकून सुपारी कातरत होता. तो म्हणाला, "पण शाकारायचं कोन?"

"म्हंजे?" चुलतभावाने विचारलं.

"आपलं घर म्हणलं का दर साली कौलं उतरा, वाळवी बघा, कुजला वासा बदला. हिचं ता बी तसंच हाय, आताच बोलली. मंग ता कोन करनार?"

"आपण सगळे हाव ना," मधला भाऊ म्हणाला.

आमच्या भावकीत या वाक्याचा अर्थ कोणीही नाही असा होतो. दादाला तो सगळ्यांत चांगला ठाऊक आहे. दर वर्षी पावसाआधी तो एकटा कौलांवर चढतो, आणि तो खाली उतरला की मुंबईहून 'झालं ना नीट' असा फोन येतो.  दादाने मात्र सुपारी तोंडात टाकली.

चुलतभावाला वेगळीच काळजी होती. "आपली म्हणता तं पेटी कुठं ठेवायची? देवळात ठेवू. तिथं इन्व्हर्टर हाय." भाचीने समजावलं की पेटी वगैरे नसते, साइट ठेवायला जागा एका कंपनीकडून वर्षाच्या बोलीने घ्यायची असते. 

"म्हंजे जागा परक्याची, घर आपलं आन शाकारनी बी आपलीच," दादा म्हणाला.

मधल्या भावाने जरा विचार केला. "पण आतलं सगळं आपलं ना?"

"हो, काका," भाची म्हणाली.

"मंग बस."

असं ठरलं. मग आला खरा प्रश्न, नाव कोणाचं. तो यायला इतका वेळ लागला याचंच मला नवल वाटलं. सातबाऱ्यावर ज्यांची नावं आहेत त्या सगळ्यांची नावं साइटला लागायची, असं चुलतभावाने सांगितलं. प्रत्येक खातेदाराला पासवर्ड, प्रत्येकाला पूर्ण अधिकार. सातबाऱ्यावर एका चुलत्याचं नाव होतं, तो वारून बरीच वर्षं झाली होती आणि त्याच्या वारसांची नोंद अजून लागायची होती. "वारस लागंपर्यंत मयताचं नाव ऱ्हाऊ द्या," चुलतभाऊ म्हणाला. भाचीने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. त्यामुळे आमच्या वेबसाइटच्या मालकांमध्ये एक स्वर्गवासी होता. पुढे जे काही झालं त्यात साइटचं काहीही न बिघडवलेला मालक तेवढा तोच.

"आणि मी?" मी विचारलं. साइटवरचा सगळा मजकूर मीच लिहायचा होता.

मधला भाऊ हसला. "बाय, तुझी हक्कसोड झालीया ना गो."

झाली होती. वडील गेल्यावर दोघे भाऊ मला जीपमध्ये बसवून पोलादपूरला कचेरीत घेऊन गेले. मी तेव्हा नोकरीला नुकती लागले होते. कागद तयार होता. सही झाली, मग मला भजी आणि चहा मिळाला, बाजारातून एक हिरवी साडी घेऊन झाली आणि दादा म्हणाला, सणावारी येत जा, साडी-चोळी चुकणार नाही. ती खरंच कधी चुकली नाही. आमच्याकडे सगळ्याच बहिणी सही करतात, न करणारीला माहेर उरत नाही. मला सहीचा राग नाही. जमिनीचा तर मुळीच नाही, त्या उतारावर मी काय पेरणार होते? पण सही करशील का असं मला कोणी विचारलं नाही, कुठे करायची तेवढं बोट ठेवून दाखवलं, तो राग मात्र मी अजून नीट जपून ठेवला आहे.

शेवटी काम करणाऱ्या मुलीला, म्हणजे भाचीला, काय अधिकार द्यायचा यावर चर्चा झाली. मधल्या भावाचं म्हणणं पडलं की लिहू दे, पण मालकीत नको, नाहीतर उद्या कूळ लागून हक्क सांगायची. गंमत अशी की त्या सॉफ्टवेअरमध्ये नेमकी तशी सोय निघाली. लिहिता येतं, पण दुरुस्ती करता येत नाही, कुलूप बदलता येत नाही, कोणाला आत घेता येत नाही आणि बाहेर काढता येत नाही. परदेशात बसून ज्याने कोणी ते बनवलं, तो आमच्या भावकीत एकदा जेवून गेला असणार.

साइट सुरू झाली. पहिल्या दिवशी तिच्यावर दरीचा फोटो होता, दोन खोल्या होत्या आणि माझी साधी वाक्यं होती. सकाळी धुकं असतं. भाकरी चुलीवरची असते. मोबाइलला रेंज अंगणातल्या फणसाखाली मिळते. दुसऱ्या दिवशी चुलतभावाने वर देवीचा फोटो लावला, आणि ते बरोबरच होतं, देवीशिवाय सुरुवात कशी करणार? तिसऱ्या दिवशी मधल्या भावाने देवीच्या खाली आपला हात जोडलेला फोटो लावला. मग बाकीच्यांचे फोटो आले. वयाप्रमाणे लावायचे की मानाप्रमाणे यावर ग्रुपवर भांडण झालं आणि काही दिवस फोटो खालीवर होत राहिले. मागून वाढदिवसाच्या शुभेच्छा आल्या, क्रिकेटच्या सामन्यांची जाहिरात आली, एक भावपूर्ण श्रद्धांजली आली. खोल्या त्याच्या खाली गेल्या. नाक्यावरच्या फ्लेक्सला निदान चौकट असते, ती संपली की मजकूर संपतो. इथे जागेला अंतच नव्हता.

माझ्या वाक्यांनाही कोणीतरी हात लावला. 'सकाळी धुकं असतं' याचं 'निसर्गाच्या कुशीत विसावलेले, धुक्याची दुलई पांघरलेले' असं काहीतरी झालं. फणसाखालची रेंज तर कोणी पुसूनच टाकली, वाडीची बदनामी होते म्हणून.

पण हे सगळं मी हसून सोडलं असतं. खरा घोळ फोन नंबरचा होता. मधल्या भावाने भाचीचा नंबर काढून आपला घातला. वाडीत रेंज नसते, मुंबईत असते, असं त्याचं कारण होतं, आणि कारण खोटं नव्हतं. तिने बदलला की तो परत बदलायचा. भाऊबीजेला मी माहेरी होते, तोही आला होता, आणि अंगणात फणसाखाली उभा असताना त्याचा फोन वाजला.

"हां, बोला. खोल्या हायत. आडनाव काय आपलं? ... बरं. गाव कुठलं? ... पुन्यात तं सगळेच ऱ्हातात, मूळ गाव? ... मंग इथं कोनाच्या वळखीनं येताय? ... वळख नाय तं ऱ्हानार कसे?" त्याने थोडं ऐकून घेतलं. "बरं बरं, बघा तुमी," म्हणाला आणि फोन खिशात टाकून आम्हाला सांगितलं, "मानूस संशयास्पद वाटला."

भाची चुलीपाशी होती. तिने ऐकलं आणि उठून मागच्या दाराने गेली. मधला भाऊ वाईट नाही. रात्रीबेरात्री वाडीतलं कोणी मुंबईत दवाखान्यात पोचलं तर पहिला तोच धावतो. पण परक्या माणसाला घरात झोपवायचं तर आधी त्याची सोयरीक तपासायची, यापलीकडे त्याला काही सुचत नाही. पाहुणा आणि गिऱ्हाईक यांत फरक असतो हे आमच्या घरात कोणाला माहीत नव्हतं.

दिवाळीनंतरचे थंडीचे दिवस म्हणजे घाटात गाड्यांची रांग. आमच्या खोल्या रिकाम्या. त्यातच साइटच्या आत गेलं की एक सूचना दिसायला लागली, दुरुस्ती आली आहे, करून घ्या. सगळ्या मालकांनी ती बघितली. झऱ्यात पाला साठला की जाणारा-येणारा प्रत्येक जण बघतो आणि आज पाळी कोणाची असेल असं म्हणत हंडा भरून निघतो, तसंच. भाचीला ती दुरुस्ती करायचा अधिकार नव्हता. तिने चुलतभावाला सांगितलं, तो म्हणाला तुझ्या काकाला विचार. काकाला विचारलं, तो म्हणाला मंडळाच्या मीटिंगमध्ये घेतो. दादाकडे पासवर्ड होता, तो फोनच्या मागच्या कव्हरमध्ये चिठ्ठी करून ठेवला होता, आणि ती चिठ्ठी भाताच्या खाचरात फोनसकट पडली होती.

एक दिवस साइट उघडली तर देवी नाही, भाऊ नाही, खोल्या नाहीत. पत्ते खेळणाऱ्या बायका आणि कुठल्याशा परदेशी लिपीतला मजकूर. बटण दाबलं की जुगार.

वाडी हादरली. चुलतभावाने त्याच दिवशी निदान केलं, हे खालच्या वाडीचं काम. त्यांच्याशी आमचा पाण्यावरून जुना वाद आहे. त्याने देवीपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, ज्यानं कोणी केलं असेल त्याला तू बघून घे म्हणून. खालच्या वाडीत कॉम्प्युटर नाही हे मी त्याला सांगितलं, तर तो म्हणाला, मंग बाहेरून मानूस आनला असेल. मी भाचीला घेऊन महाडात संगणकाचे क्लास घेणाऱ्या गृहस्थांकडे गेले. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "बाई, यात कोणी मुद्दाम काही केलेलं नाही. दार उघडं होतं, जो आला तो शिरला. साफ करता येईल. पण आधी सगळ्यांचे पासवर्ड बदलावे लागतील, आणि मालक एकच ठेवा."

एकच मालक. हा निरोप घेऊन वाडीत कोण जाणार? मी तिथेच हसायला लागले आणि मग भाचीकडे बघून थांबले.

तिने माझ्याकडे येताना बॅग भरून आणली होती. माघ सुरू होता, शिमगा तोंडावर आला होता, आणि जुन्या कंपनीत जागा आहे का हे तिने विचारूनही ठेवलं होतं. दादाने एक स्थळ बघितलं होतं. "मुलगा चांगला आहे, आत्या," ती म्हणाली. "ठाण्याला असतो." एवढंच बोलली. मला तिची फार दया आली, आणि मग दयेचा राग आला. मी तिला म्हटलं, "बॅग तिकडे ठेव, टेबलावरची भाजी उचल आणि लॅपटॉप उघड."

भाड्याची जागा घेऊन पान मांडायला एक दुपार पुरली. कंपनीने विचारलं, नाव. तिने आपलं नाव लिहिलं, फक्त आपलं, आणि जरा वेळ त्याच्याकडे बघत बसली. दरीचा फोटो, दोन खोल्या, माझी वाक्यं होती तशी. फणसाखालची रेंज मी आग्रहाने परत घातली. फोन नंबर तिचा, आणि वेळ लिहिली, संध्याकाळी फोन करा, तेव्हा मी फणसाखाली असते.

आधी पुण्याचं एक कुटुंब आलं. शिवथरला घळ बघून महाबळेश्वरला निघालेले. त्यांना कोणी मूळ गाव विचारलं नाही, फक्त पिठलं तिखट चालेल का एवढं विचारलं. त्यांनी आणखी कोणाला सांगितलं, त्यांनी आणखी. शनिवार-रविवार खोल्या भरायला लागल्या. वहिनीचा मला फोन आला. "वन्सं, पीठ संपतंय पटापटा," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात तक्रार शोधूनही सापडत नव्हती.

बातमी मात्र मुंबईला आधी पोचली. मुलीने वेगळी चूल मांडली. आमच्याकडे मुलगे वेगळे होतात तेव्हा दोन वर्षं बोलत नाहीत आणि मग बोलतात. मुलगी, तीही लग्नाआधी, बापाच्या घरात राहून वेगळी होते, याला पद्धतच नव्हती. तेव्हा शिमग्याला सगळे जरा जास्तच वेळेवर आले.

पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या चौथऱ्यावर, बसली, गावची माणसं दर्शन घेऊन पांगली आणि भावकी तिथेच मांडवात बसली. मधला भाऊ उभा राहिला. "आपल्या घराचा फोटो, आपली दरी, आपली जमीन. आन नाव एकटीचं. वर जागा कंपनीची. उद्या कंपनीनं हाकललं तं?"

भाची म्हणाली, "तर काका, सामान उचलीन आणि दुसरीकडे मांडीन. फोटो माझ्याकडे आहेत, मजकूर आत्याकडे आहे, आणि माणसांकडे माझा नंबर आहे."

हे वाक्य महाडचं होतं. मला बरं वाटलं.

चुलतभाऊ म्हणाला, मान्सं येतात ता चांगलंच हाय, पन मंग आता ह्या नव्याला सगळ्यांची नावं लावून सामाईक करून टाकू. माना हलल्या. सगळ्यांनी दादाकडे बघितलं. मीही बघितलं, पण फारशी आशा न धरता, कारण दादा जे बोलेल ते शेवटचं, आणि भावकीच्या विरुद्ध तो जन्मात गेलेला नाही.

"मी शिमग्यापर्यंत बोललेलो," दादा म्हणाला. "मान्सं आली का नाय आली?"

वहिनी अशा बैठकीत बोलत नाही. ती मांडवाच्या कडेला बायकांत बसली होती. तिथूनच म्हणाली, "भाकऱ्या मी थापल्याव. मान्सं आली."

दादाने मान हलवली. मग माझ्याकडे वळला. "बाय, तुझ्या हक्कसोडीत काय लिवलेलं, याद हाय तुला?"

मला सगळं पाठ आहे. मी वर्गात उभी राहायचे तशी उभी राहिले आणि म्हटलं, "मी राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय, माझा हक्क, हिस्सा आणि हितसंबंध माझ्या भावांच्या लाभात कायमचा सोडून देत आहे. यापुढे मी किंवा माझे वारस कोणतीही तक्रार करणार नाही."

"ताच लिव," दादा म्हणाला. "फकस्त जमिनीच्या ठिकानी त्या दोन खोल्या आन तिची वेबसाइट घाल. आन भावांच्या ठिकानी हिचं नाव. आपुन बहिनींकडनं इतकं लिवून घेतलं, येक डाव लिवून दिऊया."

 मी पालखीच्या कार्यक्रमाच्या कागदामागे लिहिलं. त्या कागदाला कचेरीत कोणी विचारणार नाही, हे मला कळत होतं. वेबसाइट तर मुळात यांची नव्हतीच, सोडणार काय? पण आमच्याकडे कोणीतरी सोडल्याशिवाय कुठलीही वस्तू दुसऱ्याची होत नाही. दादाने पहिली सही केली, सावकाश, पूर्ण नाव. मग कागद मधल्या भावाकडे गेला.

त्याने पेन हातात घेतलं. "कुठं करायची?"

"थांब," मी म्हटलं.  "आधी विचारते. करशील का?"

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला काय आठवलं मला माहीत नाही, पण काहीतरी आठवलं. "करतो गो, बाय," तो म्हणाला आणि त्याने सही केली. मग चुलतभावाने केली. स्वर्गवासी चुलत्याचं काय करायचं असं त्याने विचारलं, तेव्हा मात्र दादा त्याच्यावर ओरडला.

सही करून मधला भाऊ एकदम लहान दिसायला लागला. भाचीला म्हणाला, "मंग आता आमी परकेच का?"

"असं कसं, काका," ती म्हणाली. "सणावारी येत जा. टॉवेल-टोपी चुकणार नाही."

बायका हसल्या. आधी वहिनी, मग सगळ्या, इतक्या की पालखीजवळचे ढोलवाले वळून बघायला लागले. मीही हसत होते, आणि हसता हसता मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. मधला भाऊही शेवटी हसला. त्याच्याजवळ दुसरं काही उरलं नव्हतं.

जुनी सामाईक साइट पुढे कधीतरी बंद पडली. तिच्या जागेची वर्षाची बोली संपत आली होती आणि ती वाढवायची पाळी कोणाची हे ठरलं नाही.

शिमगा उतरल्यावर भाची माझ्याकडे आली, बॅगेशिवाय. लॅपटॉप उघडून म्हणाली, "आत्या, कंपनी म्हणते अडीअडचणीला दुसरं एक नाव लावून ठेवा. मालक म्हणून. तुझं लावू?" मग थांबून तिने परत विचारलं, "चालेल ना तुला?" मी चष्मा पुसला आणि चालेल म्हटलं. त्या वाडीतल्या कुठल्याही वस्तूला माझं नाव लागलं ते एवढंच, आणि तेही भाड्याच्या जागेत.